प्रीमियम सिगार चाखायचा कसा आणि त्याचा दर्जा ओळखायचा कसा

सिगारबद्दल बोलताना लोक दोन गोष्टींची हमखास सरमिसळ करतात, सिगार बनवलाय कसा आणि मला आवडला का. दोन्ही एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा सिगार निगुतीने वळलेला असेल, शेवटपर्यंत सरळ जळेल, पान चांगलं मुरवलेलं असेल आणि तरी तुम्हाला तो अजिबात आवडणार नाही, आणि एखादा वाकडातिकडा जळणारा सिगार तोंडात अशी चव ठेवून जाईल की पुढचा कधी काढतोय असं होईल. त्यामुळे दर्जाचा हिशोब वेगळा आणि आवडीचा वेगळा, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, बाकीचं सगळं सरावाचं आहे.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो म्हणजे मधेमधे नको. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो, पण म्हणून तो निरुपद्रवी होत नाही, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका आहेच आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तेव्हा हे वाचून कोणी नव्याने सुरू करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, जी मोठी माणसं आधीच ओढतात त्यांच्यासाठी लिहितोय.

आता प्रीमियम कशाला म्हणायचं ते बघू. हाताने वळलेला, पूर्ण तंबाखूच्या पानांचा, आणि आत लाँग फिलर म्हणजे सिगारच्या लांबीभर जाणारी अख्खी पानं, चुरा नाही. बाहेरचं दिसतं ते रॅपर, त्याच्या आत बांधून ठेवणारं बाइंडर आणि गाभ्यात फिलर. फिलरमध्येही पानं झाडावर कुठल्या उंचीवर होती त्यावरून फरक पडतो. शेंड्याकडची लिगेरो, त्यांना ऊन भरपूर मिळतं म्हणून ती जाड, तेलकट आणि कडक असतात आणि हळू जळतात. मधली सेको, सुगंध मुख्यतः त्यांचा. खालची व्होलाडो, पातळ, पटकन पेट घेणारी, सिगार जळता ठेवायचं काम त्यांचं. लिगेरो हळू जळतं म्हणून रोलर ते बरोबर मधोमध ठेवतो, आणि ते जरा बाजूला सरकलं की सिगार एका बाजूने मागे राहायला लागतो. म्हणजे जळण्यात काही बिघडलं तर ते बऱ्याचदा वळतानाच बिघडलेलं असतं, तुमच्या लायटरचा दोष नसतो.

रॅपरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की रंग गडद म्हणजे सिगार कडक. असं काही नाही. मदुरो रॅपर गडद होतं ते जास्त काळ आणि जास्त उष्णतेत फर्मेंट केल्याने म्हणजे मुरवल्याने, आणि त्यातून येतो तो बहुतेक वेळा गोडसरपणा, कोको, मनुका असला प्रकार, कडकपणा ठरतो तो आतल्या फिलरवर. उलट फिकट रॅपरच्या आत भरपूर लिगेरो भरलेलं असलं तर चांगलं डोकं गरगरवतं. कनेक्टिकट शेड हे कापडाच्या मांडवाखाली वाढवलेलं फिकट रॅपर, मऊ, मलईदार चवीचं, इक्वेडोरमध्ये तेच बियाणं लावतात तिथे ढगच इतके असतात की मांडवाचं काम ढगच करतात. कनेक्टिकट ब्रॉडलीफ आणि मेक्सिकोचं सान आंद्रेस हे मदुरोसाठी जास्त वापरतात. कॅमरून पातळ असतं आणि बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, ती खराबी नाही, त्या पानाचा स्वभावच तो.

हातात सिगार आला की आधी उजेडात धरून बघा. रंग एकसारखा आहे का, शिरा फार जाड नाहीत ना, कॅप म्हणजे तोंडात धरायच्या बाजूची पानाची टोपी नीट बसलीय का. थोडीफार शीर दिसली तर बिघडत नाही, ब्रॉडलीफसारखं पान दिसायलाच रांगडं असतं, दिसण्याला मी तरी फार मार्क देत नाही. मग अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून फूटपासून, म्हणजे पेटवायच्या टोकापासून, कॅपपर्यंत हलकेच दाबत जा, हलकेच म्हणजे खरंच हलकेच, रॅपर तडकेल. सगळीकडे सारखाच दाब परत यायला पाहिजे. एखाद्या ठिकाणी एकदम मऊ लागलं तर तिथे फिलर कमी पडलंय, तिथे सिगार तापणार. एखाद्या ठिकाणी गाठ लागली तर तिथे ड्रॉ म्हणजे ओढताना येणारी हवा अडणार. कानाशी धरून कुरकुर ऐकणारे लोक असतात त्यांना ऐकू दे, त्यातून काहीही कळत नाही.

रॅपरवर सुईने भोक पाडल्यासारखं गोल बारीक छिद्र दिसलं तर तो तंबाखूच्या किड्याचा उद्योग आहे, असा सिगार बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढायचा. पांढरी पूड किंवा ठिपके दिसले की विकणारा मोठ्या कौतुकाने सांगतो की हे जुनं झाल्याचं लक्षण, तेल बाहेर येऊन स्फटिक झालेत वगैरे, पण जवळून बघितलं की बहुतेक वेळा ती बुरशीच निघते. केसाळ असेल, हिरवट निळसर असेल, फूटवर पण असेल तर सरळ टाकून द्या.

आणि वास. रॅपरचा वेगळा घ्या, फूटचा वेगळा घ्या. सुकलेलं गवत, सिडरचं लाकूड, चामडं, कधी कोको, असं काही येईल. अमोनियासारखा नाकाला झोंबणारा वास आला तर पान नीट फर्मेंट झालेलं नाही किंवा सिगार अजून ताजा आहे, वळताना पान ओलं करतात त्यानंतर त्याला विसावायला वेळ लागतो. असला सिगार आत्ता ओढून मत बनवू नका, काही महिने बाजूला ठेवून द्या.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर बोलत बसलो तर दिवस जाईल. आर्द्रता 65 ते 70 टक्के आणि तापमान साधारण 18 ते 21 डिग्री, तापमान चोविसाच्या वर जायला लागलं की किड्याची अंडी उबण्याचा धोका वाढतो. ओला सिगार कडवट लागतो, ड्रॉ जड होतो, सारखा विझतो. सुकलेला भराभरा जळतो, तापतो आणि सुगंध उडून गेलेला असतो. लांबून मागवलेला सिगार ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या पेटीत, निदान दोन आठवडे राहू द्या, त्याआधी ओढून ब्रँडला शिव्या घालण्यात काही अर्थ नाही.

कापताना कॅपचा फक्त वरचा भाग उडवायचा, दीड दोन मिलिमीटर, जिथे गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो त्या रेषेच्या खाली ब्लेड गेलं की रॅपर सुटायला लागतं. व्ही आकाराची खाच पाडणारा व्ही कट, गोल भोक पाडणारा पंच, जे आवडेल ते वापरा, पण दोन सिगारची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच पद्धतीने कापा, कारण तोंड लहान मोठं झालं की ड्रॉ बदलतो आणि ड्रॉ बदलला की चव बदलते.

कापल्यावर लगेच पेटवू नका, आधी न पेटवता दोन तीन वेळा ओढून बघा. ह्याला कोल्ड ड्रॉ म्हणतात आणि बरेच लोक हा टप्पा गाळतात, का ते मला कळलेलं नाही, कारण इथेच सगळ्यात जास्त माहिती फुकटात मिळते. हवा किती अडते ते बघायचं. स्ट्रॉने जाड मिल्कशेक ओढल्यासारखं गाल आत जायला लागले तर सिगार जाम आहे, काहीच विरोध नाही, नुसती हवा आली तर सैल भरलाय आणि तो गरम जळणार. थोडासा विरोध पाहिजे. जाम वाटला तर अजून एखादा मिलिमीटर कापून बघा किंवा ड्रॉ टूलने आतली गाठ हलकेच मोकळी करा. कोल्ड ड्रॉमध्ये जीभ काय सांगते तेही टिपून ठेवा, बऱ्याचदा ओठांवर मिरीसारखी चुणचुण लागते किंवा मनुक्यासारखा गोडवा येतो, आणि पेटवल्यावर त्यातलं किती उरतं हे बघायला मजा येते.

पेटवायला ब्युटेन लायटर किंवा लांब लाकडी काडी, काडीचं टोक पूर्ण जळून गेल्यावरच जवळ न्यायची. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, त्यांचा वास पहिल्या भागात घुसतो. ज्योत फूटला टेकवायची नाही, थोडी खाली धरून सिगार फिरवत कड आधी शेकायची, मग मध्य. सगळीकडे सारखं लाल झालं की मग पहिला पफ. टॉर्च लायटर असेल तर अजून लांब धरा, त्याची उष्णता फार असते आणि कोळसा झालेला फूट पहिली दहा मिनिटं कडू लागतो, मग लोक म्हणतात ह्याची सुरुवात कडू आहे.

पफचा वेग साधारण मिनिटाला एक. हेच सगळ्यात जास्त बिघडतं, विशेषतः ज्यांना सिगरेटची सवय आहे त्यांचं. भराभर ओढलं की टोक तापतं आणि मग चांगल्यातला चांगला सिगारही करपट आणि तिखट लागतो. उलट फार हळू ओढलं तर विझतो. बोटांना गरम लागायला लागलं की खाली ठेवा आणि दोन मिनिटं गप्पा मारा.

आता चव. चाखायच्या आधी तोंड साफ पाहिजे, पोट रिकामं नको आणि सोबत साधं पाणी. कॉफी, रम, व्हिस्की सोबत छान लागतात हे मान्य पण मग तुम्ही सिगार चाखत नाही, जोडी चाखताय, ते वेगळं काम आहे आणि ते नंतर करायचं.

जीभ स्वतःहून फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच सांगते. मिरीची चुणचुण ही तर चवही नाही, ती तोंडातल्या आणि नाकातल्या नसांना होणारी टोचणी. बाकी सिडर, चामडं, कॉफी, बदाम, ओली माती हे जे सगळं लिहिलेलं वाचता ते नाकाचं काम. म्हणून रेट्रोहेल शिकल्याशिवाय सिगार अर्धाच कळतो. करायचं असं, आधी नाकाने थोडा श्वास भरून घ्या, मग पफ घ्या, धूर तोंडातच ठेवा, त्यातला बराचसा तोंडाने सोडून द्या, मग तोंड मिटा आणि उरलेला जरासा धूर नाकातून हळू बाहेर ढकला. श्वास आत घ्यायचा नाही, फक्त बाहेर, आत घेतलात की ठसका ठरलेला. सुरुवातीला डोळ्यात पाणी येईल, त्यासाठीच धूर अगदी कमी ठेवायचा, आणि प्रत्येक पफला करायची गरज नाही, चार पाच पफमध्ये एकदा पुरे. नुसत्या तोंडात जो सिगार एकसुरी वाटत होता तोच नाकातून वेगळाच निघतो, कधी चांगला कधी वाईट, तिथे कच्चं पान लपत नाही, झोंबतं.

चव सांगताना एकदम बारकाव्यात घुसू नका. आधी ढोबळ घराणं ठरवा, लाकूड आहे का, माती आहे का, मसाला, सुकामेवा, कॉफी-कोको, गवत, मलई, ह्यातलं काय. लाकूड वाटलं तर मग पुढचा प्रश्न, सिडरसारखं सुगंधी की जळक्या ओकसारखं. मसाला वाटला तर मिरी की दालचिनी. नाही सांगता आलं तर नुसतं लाकूड लिहा आणि पुढे जा, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याच्या नोंदी आधी वाचून बसलात तर मात्र काम बिघडलं, कोणीतरी लिहिलं की ह्यात संत्र्याच्या सालीचा वास आहे की तुम्हालाही तोच येणार, आला नाही तरी येणार.

अजून तीन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या ठेवायच्या आणि इथे जुने ओढणारेही घोळ घालतात. स्ट्रेंथ म्हणजे निकोटिन किती चढतं ते, हे तोंडात नाही, पोटात आणि डोक्यात कळतं. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती भरीव, जड लागतो ते. आणि फ्लेवर म्हणजे चवीचा ठळकपणा आणि किती प्रकारच्या चवी येतात ते. सिगार स्ट्रेंथला हलका आणि फ्लेवरला भरगच्च असू शकतो, आणि नुसता कडक असून चवीला काहीच नसलेलेही ढीगभर मिळतात, त्यांना लोक भारी म्हणतात कारण घाम फुटतो. घाम फुटणं, मळमळणं हा दर्जा नाही, निकोटिन जास्त झालंय, सिगार ठेवा, बसा आणि काहीतरी गोड खा.

सिगार तीन भागांत बघायची पद्धत आहे, पहिला तृतीयांश, दुसरा, तिसरा. ही पद्धत उगाच नाही, पुढे जाताना धुरातला ओलावा, तेलं आणि निकोटिन मागच्या पानांत साठत जातं, त्यामुळे शेवटाकडे सगळंच ठळक होतं. चांगल्या ब्लेंडमध्ये, म्हणजे पानांच्या मिश्रणात, ह्या प्रवासात काहीतरी घडतं, मिरी मागे पडते, मलई येते, मग कोको पुढे येतो. सगळ्यांनी बदललंच पाहिजे असं नाही, एकच चव पण ती अतिशय छान असे सिगार आहेत आणि मला ते चालतात. शेवटचा भाग करपट, कडू झाला की थांबायचं, बोटं भाजेपर्यंत ओढण्यात काही मर्दुमकी नाही. मधेच विझला तर राख झटकून, आतून हलकी फुंकर मारून जुना धूर बाहेर काढून परत पेटवा, चालतं. रात्री विझवलेला सकाळी पेटवून त्यावर मत देऊ नका.

जळण्याकडेही लक्ष ठेवा. एक बाजू पुढे पळाली तर थोडं थांबा, बऱ्याचदा आपोआप सरळ होतं, नाही झालं तर मागे राहिलेल्या कडेला लायटरने हलका चटका द्या. एकदा द्यावा लागला तर ठीक, सारखा द्यावा लागला तर मार्क कापा. रॅपर तसंच राहून आतलं फिलर जळत पोकळ होत चाललं तर त्याला टनेलिंग म्हणतात, रॅपर ओलसर आहे किंवा तुम्ही फार हळू ओढताय. राख घट्ट, दोन तीन सेंटिमीटर टिकणारी असली तर आतली पानं लांब आणि नीट भरलेली आहेत हे कळतं. राखेचा रंग मात्र मातीतल्या खनिजांवर असतो, मॅग्नेशियम वगैरे, पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार असं काही नाही, करड्या राखेचे कितीतरी सुरेख सिगार आहेत.

संपल्यावर चिरडू नका, ट्रेमध्ये ठेवा, आपोआप विझतो, चिरडला की खोलीभर घाण वास. आणि लगेच पाणी पिऊ नका, फिनिश बघा. चव किती वेळ राहते आणि कशी राहते, स्वच्छ आणि गोडसर की राखेसारखी कोरडी. स्वस्तात उरकलेली तंबाखू इथेच पकडली जाते.

आता मार्क. सिगार अफिसिओनाडो हे अमेरिकन मासिक 1992 साली निघालं आणि त्यांची शंभरपैकी गुण द्यायची पद्धत सगळीकडे पसरली, चाखणाऱ्याला ब्रँड कळू नये म्हणून तिथे बँड म्हणजे सिगारवरची नावाची कागदी पट्टी काढून देतात. बाकी काही उचला न उचला, हे मात्र नक्की उचला. मित्राला सांगा बँड काढून साधा कागद गुंडाळून नंबर टाकून दे, आणि बघा तुमचं महागड्या सिगारवरचं प्रेम किती टिकतं. क्यूबनच्या बाबतीत तर हे करायलाच पाहिजे. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागाची तंबाखू सुंदरच असते, त्यात वाद नाही, पण क्यूबात 1960 साली कारखाने सरकारने ताब्यात घेतल्यावर बरेच तंबाखूवाले देश सोडून गेले, डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरासमध्ये हे ज्ञान आणि बियाणं पोचलं, आणि आज निकाराग्वातल्या एस्तेलीतून येणारे सिगार कुठल्याही बाजूने कमी नाहीत. एकाच नावाचे दोन वेगळे सिगारही आहेत, कोहिबा, मोंतेक्रिस्तो, पार्तागास क्यूबनही आहेत आणि डोमिनिकनही, तेव्हा कोणाची नोंद वाचताना ती नेमकी कुठल्या सिगारची आहे ते आधी बघा. आणि काचेच्या झाकणाच्या पेटीतला क्यूबन कोहिबा कोणी दाखवला तर मार्क द्यायचा प्रश्नच नाही, तो नकली.

तुलना करताना साइजही सारखाच घ्या. रिंग गेज म्हणजे सिगारची जाडी, इंचाचे 64 भाग केले तर त्यातले किती, म्हणजे पाच इंची 50 गेजचा रोबुस्तो पाऊण इंचापेक्षा थोडा जाड. तोच ब्लेंड साडेसात इंची 38 गेजच्या लान्सेरोमध्ये घेतला तर फिलरच्या मानाने रॅपरचा वाटा वाढतो आणि चव पार बदलते. शिकायला रोबुस्तो बरा, वेळही बेताचा लागतो.

नोंद फार मोठी लिहू नका. वर दर्जा, त्यात ड्रॉ, जळणं, राख. खाली चव, तीन भागांत दोन दोन शब्द, फिनिश, आणि शेवटी एकच प्रश्न, परत घेईन का. दोन्हींचे मार्क एकत्र करू नका. सिगार हाताने बनतो, एकाच पेटीतले दोनही वेगळे निघतात, त्यामुळे एकावर निकाल देऊ नका, निदान दोन तीन ओढा आणि वेगवेगळ्या दिवशी ओढा. पेटीवर तारीख असेल तर तीही लिहून ठेवा, क्यूबन पेटीच्या तळाला महिना आणि वर्ष छापलेलं असतं. आणि जो आवडला नाही पण वळलेला चांगला होता तो ह्युमिडॉरमध्ये तसाच राहू दे, पाच सहा महिन्यांनी काढा, जुनी नोंद न वाचता ओढा, नवी लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा.